पनीर की मटण? मानेवाड्यातल्या एका स्नेहभोजनाचा कार्बन-हिशेब

ठराव

नागपूरच्या मानेवाडा परिसरातल्या एका सोसायटीचं वार्षिक स्नेहभोजन जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी असतं. मेनू वर्षानुवर्षं ठरलेला. सावजी मटण, ज्वारीची भाकरी, भात, आणि मटण न खाणाऱ्यांसाठी पनीरची एक भाजी. यंदा सभेत ठराव आला, की पर्यावरणाचा विचार करता हे जेवण पूर्ण शाकाहारी करावं. सोबत पर्यायी मेनूही जोडला होता: पनीर बटर मसाला, तंदूर रोटी, जिरा राइस आणि शेवटी बासुंदी.

ठराव मांडणाऱ्या काकूंचं म्हणणं साधं होतं. मांसाहारामुळे पृथ्वी तापते हे आता सगळं जग सांगतंय, मग आपण निदान वर्षातून एकदा तरी जबाबदारीने वागू. माना डोलल्या. मग मागच्या रांगेतून एक भाऊ उठले. ‘मटनानं पर्यावरन बिघडते अन् पनीरनं सुधरते, हे कोनं सांगतलं बाप्पा तुमाले?’ हशा पिकला, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझं काम ऊर्जा-लेखापरीक्षणाचं, कारखान्यांच्या विजेचा आणि इंधनाचा हिशेब तपासण्याचं. त्यामुळे ‘तुम्हीच सांगा आता’ म्हणून कागद माझ्याकडे सरकला आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

खरं भांडण पर्यावरणाचं नव्हतं, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काहींना सोसायटीच्या आवारात मटण शिजलेलं नको होतं. त्यांच्या जागी ती भावना खरी आहे आणि तिच्यावर उघड बोलता येतं. पण तिने पर्यावरणाचा झगा घातला की आकडे तपासावेच लागतात. मी फक्त तेवढंच करायचं ठरवलं.

हिशेबाची चौकट

शंभर पानांचा हिशेब धरला, म्हणजे गुणाकार सोपा होतो आणि दर पानाचा आकडा मनात लगेच येतो. मोजायचं ते हरितगृह वायूंचं उत्सर्जन: कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, सगळ्यांचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून. पुढे नुसतं ‘किलो कार्बन’ म्हटलं तरी अर्थ हाच.

आकड्यांचा मुख्य आधार जोसेफ पुअर आणि थॉमस नेमेचेक या दोघांचा २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास. त्यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली आणि प्रत्येक पदार्थाचं शेतापासून दुकानापर्यंतचं ओझं काढलं. त्यांच्या आकड्यांवरून निघणाऱ्या जागतिक सरासरीत एक किलो हाडाविना मेंढी-बकरीच्या मांसामागे सुमारे ३९.७ किलो कार्बन, कोंबडीमागे ९.९, अंड्यांमागे ४.७, तांदळामागे ४.४, गव्हामागे १.६, डाळींमागे १.८ आणि एक लिटर दुधामागे ३.१ ते ३.२ किलो कार्बन पडतो.

बाहेरचे लेख वाचून आपल्याकडे हे आकडे मांडणारे एक मोठी गफलत करतात. ‘मांसाहार’ म्हटलं की तिकडे डोळ्यांसमोर गोमांस असतं. खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस त्याच अभ्यासात किलोमागे ९९ किलोच्या पुढे जातं. ब्रिटनमधल्या खाणाऱ्यांवर २०१४ साली झालेल्या अभ्यासात भरपूर मांस खाणाऱ्याचं रोजचं ओझं ७.१९ किलो निघालं आणि शाकाहाऱ्याचं ३.८१. त्या जवळपास दुपटीच्या फरकात गोमांसाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल बंद आहे, २०१५ पासून बैल-वळूंचीही. मानेवाड्यातल्या स्वयंपाकघरात ‘नॉनव्हेज’चा अर्थ बकऱ्याचं मटण, कोंबडी, अंडी आणि कधीमधी रोहू-कतला. तिकडची तुलना इकडे उचलून लावली की ती आपल्या ताटाबद्दल काहीच सांगत नाही.

आपल्या ताटाबद्दल सांगणारा अभ्यास आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली भारतीय पदार्थांचं ओझं मोजलं होतं. त्यांच्या हिशेबात मटणाचं जेवण शाकाहारी जेवणाच्या १.८ पट निघालं. ठराव मांडणाऱ्या काकूंच्या बाजूचा हा मोठा पुरावा, आणि तो मी बैठकीत आधी वाचून दाखवला. पण पुढचं वाक्यही वाचलं. तेच मटणाचं जेवण कोंबडीच्या जेवणाच्या १.५ पट निघालं आणि दूध-दही असलेल्या शाकाहारी जेवणाच्या १.४ पट. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. दुधावरचं शाकाहारी जेवण कोंबडीच्या जेवणापेक्षा किंचित का होईना, जड पडतंय.

पानागणिक

आधी मटण. सावजी जेवणात माणशी दोनशे ग्रॅम कच्चं मटण धरतात, हाडासकट. शंभर पानांना वीस किलो. हाड वजा जाता खाण्याजोगं चौदा किलो उरतं. चौदा गुणिले ३९.७, म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर, नेमके ५५६. त्यात तर्रीचं तेल पाच किलो (सोयाबीनचं धरलं तर ३२ किलो कार्बन), तांदूळ आठ किलो (३६) आणि भाकरीचं पीठ दहा किलो. ज्वारीला मी गव्हाचाच दर लावला, तो प्रत्यक्षात कमीच असेल. सगळं मिळून शंभर पानांना सुमारे ६४० किलो कार्बन, पानामागे साडेसहा किलोला थोडं कमी.

आता ठरावातला मेनू. माणशी शंभर ग्रॅम पनीर म्हणजे दहा किलो. किलोभर पनीरला पाच-साडेपाच लिटर दूध लागतं. पन्नास-पंचावन्न लिटर दुधाचे १६० ते १७० किलो कार्बन झाले. बासुंदी माणशी दीडशे मिलिलिटर. पंधरा लिटर बासुंदीला पस्तीस लिटर दूध आटवावं लागेल, त्याचे ११०. ‘बटर मसाला’ नावातच लोणी आहे, वरून साय. त्याचे हात आखडून वीस-पंचवीस धरले. तेल तीन किलो, तांदूळ, रोट्यांचं पीठ. बेरीज ३७० च्या आसपास.

म्हणजे काकूंचं म्हणणं खरं निघालं. पनीरचा मेनू मटणाच्या मेनूपेक्षा बराच हलका आहे. ठराव इथेच मंजूर व्हायला हरकत नव्हती.

पण मटणाच्या जागी तेवढीच कोंबडी घातली तर? वीस किलो कोंबडी, हाडाविना चौदा, १३९ किलो कार्बन. बाकी सगळं सावजी तसंच ठेवून बेरीज २२३. अंडाकरी केली, माणशी दोन अंडी, तर १३० च्या आसपास. पनीर-बासुंदीच्या शुद्ध शाकाहारी पंगतीपेक्षा कोंबडीची पंगत दीडशे किलोने हलकी. बासुंदी वगळून नुसतं पनीर ठेवलं तरी २६० उरतात, ते कोंबडीच्या वरच. बैठकीत या आकड्यावर शांतता पसरली. मग खजिनदारांनी विचारलं, ‘दुधात एवढं काय आहे?’

शेळी आणि म्हैस

दुधात काही नाही. जे आहे ते म्हशीच्या पोटात आहे. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. यांच्या पोटाचा पहिला कप्पा आंबवण्याचा हौदच असतो. तिथले सूक्ष्मजीव गवतातलं, कडब्यातलं तंतुमय अन्न फोडतात, जे माणसाला जन्मात पचणार नाही, आणि त्या प्रक्रियेत मिथेन तयार होतो. तो बाहेर पडतो बहुतेक ढेकरेतून. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास. हवेत तो साधारण बारा वर्षंच टिकतो, म्हणून आज कमी केला तर फरकही लवकर दिसतो.

कोंबडी रवंथ करत नाही. मासाही नाही. म्हणून नागपूरच्या ताटात पर्यावरणाची रेघ ओढायचीच असेल तर ती शाकाहार आणि मांसाहार यांच्यामधून जात नाही. ती रवंथ करणाऱ्या जनावरातून आलेलं अन्न आणि बाकीचं अन्न यांच्यामधून जाते. आणि त्या रेघेच्या बाजू पाहिल्या तर पनीर, बासुंदी, तूप, खवा हे सगळे मटणाच्या बाजूला उभे आहेत.

यावर मागच्या रांगेतल्या भाऊंनी लगेच हरकत घेतली आणि ती रास्त होती. ‘तुमचे आकडे न्यूझीलंडच्या मेंढीचे. आमचा बकरा काटोलच्या गैरानात चरते.’ ‘सायन्स’मधले आकडे जागतिक सरासरीचे आहेत हे खरंच. तेव्हा मी आपल्याकडचा हिशेब मांडून पाहिला.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २००६ साली ठरवून दिलेले ढोबळ दर आहेत: शेळी वर्षाला ५ किलो मिथेन सोडते, भारतीय उपखंडातली दुभती गाय ५८ किलो, म्हैस ५५ किलो. आपल्याकडे विदर्भात बेरारी जातीची शेळी आहे. वर्षभराचा बकरा पंचवीस किलोचा धरला तर हाडासकट बारा किलो मटण देतो. त्याचा वर्षाचा मिथेन ५ किलो, गुणिले २८, म्हणजे १४० किलो कार्बन. त्याच्या आईचाही वाटा त्यालाच लावायला हवा. ती वर्षाला सरासरी दोन जगणारी करडं देते असं मानलं तर अर्धा, म्हणजे ७०. एकूण २१० भागिले बारा, किलोभर हाडासकट मटणामागे साडेसतरा किलो. यात लेंडीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड धरलेला नाही. तरी वीस किलोला साडेतीनशे. जागतिक सरासरीने ५५६ आले होते. म्हणजे भाऊंचं म्हणणं अर्धं खरं: आपला बकरा हलका आहे, पण इतका हलका नाही की कोंबडीच्या रांगेत बसावा.

हाच न्याय दुधालाही लावायचा. म्हैस वर्षाला ५५ किलो मिथेन सोडते, म्हणजे १,५४० किलो कार्बन. ती वर्षाला दीड हजार लिटर दूध देत असेल तर लिटरमागे एक किलो नुसता तिच्या ढेकरांचा. पहिल्या वेतापर्यंत तीन-चार वर्षं तिला दुधाविना पोसावं लागतं. दोन वेतांमध्ये ती आटते. तिची रेडकं असतात, शेणाचा वायू असतो, चाऱ्याचं खत असतं. हे सगळं त्याच दीड हजार लिटरवर बसतं. म्हणून जागतिक सरासरीचा तीनचा आकडा इथे अवाजवी वाटत नाही. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ गाय एका वेताला पाच-सातशे लिटर देते. तिचं नुसतं मिथेनच लिटरमागे अडीच किलो आणि वर जाईल. देशी गाय कमी दूध देते म्हणून ती पर्यावरणाला हलकी, असं मी अनेकांकडून ऐकतो. लिटरच्या मापाने मोजलं तर हे उलटं आहे. जनावर कमी खाईल, पण त्याचं सगळं ओझं थोड्याच लिटरांवर वाटलं जाईल. अर्थात गवळाऊ ही मुळात ओढकामाच्या बैलांसाठी नावाजलेली जात. बैलाचं काम मोजलं तर तिचा हिशेब बदलतो, पण बासुंदीत बैल मोजता येत नाही.

दिल्लीच्या अभ्यासाशी ताळा करून पाहिला. त्यात वजनाला वजन मटण दुधाच्या ११.९ पट निघालं होतं. जागतिक आकड्यांवरून हे गुणोत्तर १२.६ येतं. दोन वेगळ्या पद्धती, वेगळे प्रदेश, आणि उत्तर जवळपास एकच. त्यामुळे आकडे कुठे पाच-दहा टक्के हलले तरी क्रम हलणार नाही, एवढा विश्वास मला आला.

मग मटण आणि दूध बाराच्या पटीत दूर असताना पनीर मटणाच्या इतक्या जवळ कसं येतं? कारण पनीर म्हणजे पाच पट घट्ट झालेलं दूध. खवाही तेवढाच. म्हशीच्या दुधाचं किलोभर तूप काढायला पंधरा लिटर दूध लागतं. ताकही कुणी पीत असेल तर ओझं वाटलं जातं, पण ताक कमी आणि तूप जास्त असंच आपल्या पंगतीत असतं. सभेत एका गटाने रोडगे-वरण-वांग्याची भाजी असा मेनू सुचवला होता, गोवऱ्यांवर भाजून. कल्पना झकास. कणीक, तूर, वांगी आणि तेल मिळून शंभर पानांचे साठ-पासष्ट किलो, झालं. पण रोडगा कुस्करून त्यावर माणशी वीस ग्रॅम तूप ओतलं की दोन किलो तुपाचे आणखी पन्नास ते पंचाण्णव, ताक किती उरतं यावर. ताक वाया गेलं तर तुपाची धार खालच्या सगळ्या ताटापेक्षा जड.

रोजच्या खाण्यात हा फरक अजून ठळक दिसतो. फक्त रविवारी दीडशे ग्रॅम मटण खाणाऱ्या माणसाचं वर्षाचं मटण आठ किलोला थोडं कमी भरतं. हाड वजा करून जागतिक दरानेच धरलं तर वर्षाला सव्वादोनशे किलोला थोडा कमी कार्बन. रोज अर्धा लिटर दूध घेणाऱ्याचे वर्षाला पावणेसहाशे. म्हणजे चहापुरतं दूध वापरणारा ‘रविवारचा मांसाहारी’ अनेक कट्टर शाकाहाऱ्यांपेक्षा हलका निघू शकतो. हे ऐकून एक काका रागावले. राग समजण्यासारखा होता, पण आकडा त्यांनी स्वतः मोबाइलवर दोनदा गुणून पाहिला.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली आणि पुन्हा सांगतो. दूध सोडा असा याचा अर्थ नाही. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याला ‘ब१२’ जीवनसत्त्व अन्नातून मिळवायला दूध-दहीच आधार आहे. वाढत्या मुलांच्या कपातलं दूध आणि लग्नसराईच्या तिसऱ्या पनीरच्या भाजीतलं दूध यांना एकाच मापाने तोलणं मला पटत नाही.

कार्बनपलीकडचं

नुसत्या कार्बनने मटण हरतं, पण जमिनीचा हिशेब इतका सरळ नाही. शंभर ग्रॅम प्रथिनांसाठी मेंढी-बकरीला १८५ चौरस मीटर जमीन लागते आणि डाळींना ७ च्या आसपास. आकडा भयंकर दिसतो. पण बकरा ज्या गायरानात, नाल्याकाठी, झुडपात चरतो तिथे तूर पिकत नाही. तो माणसाचं अन्न हिसकावत नाही. म्हैस कुटार खाते आणि वर सरकीची ढेप, जी विदर्भात कापसामागे आपोआप येते. उलट कार्बनमध्ये मटणापेक्षा हलकी ठरलेली ब्रॉयलर कोंबडी मका आणि सोयाबीनची पेंड खाते. यवतमाळ-वाशीमच्या सोयाबीनचं तेल आपल्या कढईत जातं आणि पेंड कोंबडीच्या घशात. कोंबडीचं प्रथिन हे एका अर्थाने सोयाबीनचं प्रथिन, वाटेत बरंच सांडून आलेलं.

तरी गायरानातलं चरणं फुकट नसतं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने पाणलोटाची कामं केली तेव्हा कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही घातली होती, कारण मोकाट शेळ्या कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. शेळी ठाणबंद ठेवून शेवरी-सुबाभळाचा पाला दिला तर डोंगर वाचतो, पण मग तिच्या चाऱ्याला जमीन लागते.

पाण्याचंही असंच. नेदरलँड्समधल्या मेकोनेन आणि होक्स्ट्रा यांच्या मोजणीनुसार एक ग्रॅम प्रथिनामागे डाळींना १९ लिटर पाणी लागतं, अंड्यांना २९, दुधाला ३१, कोंबडीला ३४ आणि मेंढी-बकरीला ६३. बकऱ्याच्या ६३ लिटरांत बहुतांश पाणी म्हणजे गवतावर पडलेला पाऊस. तो कुणी विहिरीतून उपसत नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांनी भूजल जेवढं खाली नेलं तेवढं बकऱ्यांनी नेलेलं नाही. तेव्हा पाण्याच्या आकड्याने बकऱ्याला फार झोडपण्यात अर्थ नाही.

तुरीचं कौतुक मात्र करावंच लागेल. विदर्भात ती बहुतेक कोरडवाहू, कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तासं टाकून घेतलेली. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवते, म्हणून युरिया कमी लागतो. तुराट्या चुलीला आणि कुडाला. शंभर ग्रॅम प्रथिनामागे डाळींचा कार्बन ०.८४ किलो, मटणाचा २०, चीजचा ११, दुधाचा ९.५, कोंबडीचा ५.७. या रांगेत डाळीच्या जवळपास कुणी नाही.

भात हा छुपा भिडू. भंडारा-गोंदियाच्या पाणी साठवलेल्या बांध्यांतल्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथेही मिथेन तयार होतो. म्हणून किलोला किलो तांदूळ गव्हाच्या जवळपास तिप्पट. जिरा राइसच्या जागी ज्वारीची भाकरी वाढवली तर वीसेक किलो कार्बन वाचतो, आणि सावजी रश्श्यात भात कालवणारा माणूस मला तसाही अर्धाच खवय्या वाटतो.

वाहतुकीचा मुद्दा सभेत बराच गाजला: मटण कुठून येतं, पनीर कुठून. दिल्लीच्या अभ्यासात भारतीय ताटाच्या एकूण ओझ्यात वाहतुकीचा वाटा १ टक्का निघाला होता, शिजवण्याचा १० आणि शेती-पशुपालनाचा ८७. ‘लोकल’ या शब्दावर जितकं बोललं जातं तितकं त्यात वजन नाही. गॅसचं १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर पूर्ण जळालं तर ५७ किलो कार्बन होतो. मटण शिजायला वेळ लागतो, पस्तीस लिटर दूध आटायलाही. दोन्हीकडे सारखंच म्हणून बेरजेत धरलं नाही.

आणि एक अवघड गोष्ट, जी बैठकीत मी बोलून टाकली. दूध आणि मांस हे वेगवेगळे धंदे नाहीत. म्हैस दूध देते कारण ती विते, आणि व्याली की निम्म्या वेळा रेडकू नर असतं. ट्रॅक्टरच्या काळात रेड्याला काम नाही. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, आणि तो धंदा दुधाच्या धंद्याच्या पाठीवरच उभा आहे. पनीर खाणाऱ्याने याचा अपराध मानावा असं नाही. पण मटणवाल्याला पाप मोजून दाखवताना हे विसरू नये.

ठरलं ते

दुसऱ्या बैठकीला आचाऱ्यालाही बोलावलं होतं. सावजी जेवण करण्यात त्याची हयात गेलेली. आकड्यांची आमची ओढाताण थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, ‘पनीर काहून पाह्यजे भाऊ? पाटोडी करा ना. रस्सा तोच राह्यते.’

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. पाटोडी रस्सा नागपूरचाच. बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून त्या सावजी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडायच्या. दगडफूल, खसखस, सुकं खोबरं सगळं तेच. सावजीची सगळी करामत रश्श्यात असते. त्यात हाड आहे की वडी, याने तर्रीला फरक पडत नाही. शंभर पानांना सहा किलो बेसन पुरतं, त्याचे कार्बन ११ किलो. पनीरचे दीडशेहून वर होते. हे उत्तर आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, कारण ‘पाहुण्यांसाठी शाकाहारी’ म्हटलं की हल्ली आपल्याला पनीरच दिसतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पंगतींत ते नसायचं. पंजाबी हॉटेलांमागून आणि केटररच्या छापील मेनूमागून ते आलं आणि पाटोडी, डाळकांदा, गोळाभात हे घरच्या ताटापुरते उरले.

मग मेनू असा बसला. सगळ्यांसाठी पाटोडी रस्सा, ज्वारीची भाकरी, आणि जानेवारी असल्याने तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात, तांदूळ सहा किलोच. गोड म्हणून बासुंदीऐवजी तिळगूळ आणि शेंगदाण्याची चिक्की. तेल पाच किलो. हे सगळं मिळून शंभर पानांचे शंभर किलो कार्बनही होत नाहीत. मटण पूर्ण बंद करायला मागच्या रांगेने ठाम नकार दिला. तेव्हा ठरलं की ज्यांना हवं त्यांनी आधी नाव नोंदवायचं, माणशी दोनशेऐवजी एकशेवीस ग्रॅम, आणि मटणाची चूल आवाराच्या मागच्या मोकळ्या जागेत, भांडी वेगळी. शंभरातले चाळीस जण मटणवाले धरले तर पाच किलोला कमी मटण, १३३ किलो कार्बन. एकूण बेरीज २३० च्या आसपास.

म्हणजे चाळीस लोकांना मटण वाढूनही ही पंगत ठरावातल्या पूर्ण शाकाहारी पंगतीपेक्षा हलकी राहते, अगदी त्या मेनूतली बासुंदी काढून टाकली तरी. जुन्या मेनूच्या तर जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर. मटण शून्य केलं असतं तर आकडा शंभराच्या खाली गेला असता, हेही मी तिथेच सांगितलं. ठराव मांडणाऱ्या काकूंना ते लक्षात होतं. त्यांनी ‘पूर्ण शाकाहारी’ हे शब्द ठरावातून काढू दिले, पण त्याबदल्यात एक अट घातली: मटणाची नोंदणी दोन दिवस आधी बंद, आणि आयत्या वेळी ‘आणखी चार किलो आणा’ चालणार नाही.

ही अट मला सगळ्या हिशेबांपेक्षा मोलाची वाटली. आमच्या पंगतींत अंदाज नेहमी जास्तीचा धरतात, कमी पडलं तर नाक कापलं जाईल म्हणून. उरलेलं अन्न भांडेवाडीच्या कचराडेपोला जातं आणि तिथल्या ढिगाऱ्यात दाबलं गेलं की पुन्हा मिथेनच. वीस किलो मटणातलं तीन किलो फेकलं गेलं तर ऐंशीवर किलो कार्बन कुणाच्याही पोटात न जाता वाया जातो. तेवढ्यात पाटोडीची जवळजवळ सगळी पंगत उठते.

कोंबडीचा पर्याय आकड्यांत चांगला असूनही कुणी उचलून धरला नाही. सावजीत कोंबडी म्हणजे तडजोड, असं मटणवाल्यांचं मत, आणि शाकाहाऱ्यांना बकरा आणि कोंबडी यांत फरक नव्हता. मासे तर चर्चेलाही आले नाहीत. इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीने अंडाकरी सुचवली, तिला दोन्ही बाजूंनी गप्प केलं गेलं. मुलांसाठी दूध ठेवावं का, यावर थोडी चर्चा झाली आणि पंधरा लिटर मसाला दूध ठेवायचं ठरलं, फक्त दहा वर्षांखालच्यांना. त्याचे सत्तेचाळीस किलो कार्बन खजिनदारांनी स्वतःच हिशेबात मांडले आणि खाली शेरा लिहिला: ‘मोठ्यांनी मागू नये.’